येण्यापूर्वी फोन करावा

भुईगावात मागच्या दाराला पाटी लावणारा माणूस एकच. पाटीवर शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'येण्यापूर्वी फोन करावा.' पुढच्या दाराला लावली असती तर एक वेळ चाललं असतं. आमच्याकडे पुढच्या दाराने येतात ते फक्त मतं मागणारे. बाकी सगळं गाव स्वयंपाकघरातूनच आत शिरतं. फादरसुद्धा.

ही पाटी इनास सरांची. त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये एक केळीची बाग आहे, तेवढंच अंतर. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मलाही पाचवीपासून दहावीपर्यंत त्यांनीच शिकवलं. टुंड्रा प्रदेशातली थंडी ते अशी सांगायचे की मार्चच्या उकाड्यात आम्ही हात चोळत बसायचो. स्वतः मात्र गोव्याच्या पलीकडे कधी गेले नाहीत.

त्यांची एकुलती मुलगी स्नेहल दोन वर्षांसाठी जर्मनीला शिकायला गेली. आई आधीच वारली होती, त्यामुळे घरात सर एकटे उरले. ती निघताना त्यांनी लेकीला गृहपाठ दिला: दर रविवारी फोनवर तिकडची एक नवी गोष्ट सांगायची. ती गोष्ट सर वहीत लिहून घेत आणि सोमवारपासून भुईगावाला लागू करत. वर आम्हाला बजावत, "याची नोंद घ्यावी."

पहिली नोंद कचऱ्याची होती. तिकडे म्हणे कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकतात. सरांनी चार रंगांच्या चार बादल्या आणल्या. घंटागाडीवाल्याने चारही बादल्या एकाच ढिगात उपड्या केल्या, तेव्हा सरांनी त्याला तिथेच उभं करून अर्धा तास शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून घंटागाडी आमच्या गल्लीत घंटा न वाजवताच यायला लागली.

मग सिग्नल. रस्ता रिकामा असला तरी तिकडे माणसं दिवा हिरवा होईपर्यंत थांबतात. सरांनी स्टेशनकडे जाणारी रिक्षा सिग्नलला थांबवायला लावली. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, ये सिग्नल तो कब से बंद पडा है!"

"सिग्नल बंद आहे, नियम नाही," सर म्हणाले. त्या दिवशी आमची गाडी चुकली. आमची म्हणजे माझीसुद्धा, कारण मीही त्याच रिक्षात होते.

रविवारच्या शांततेने तर कहर केला. तिकडे रविवारी आवाज करत नाहीत, ना खिळा ठोकायचा, ना यंत्र चालवायचं. सर गल्लीभर फिरून लोकांचे मिक्सर बंद करू लागले. एका रविवारी त्यांच्याच पुतण्याचं लग्न होतं. चर्चमधून वरात निघाली, बँड जोरात, आणि सर ट्रंपेटवाल्यापुढे उभे राहून म्हणतायत, "जरा हळू फुंकता येईल का?" पुतण्या अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आणि ही पाटी. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी जनाबाई तीस वर्षं थेट त्यांच्या चुलीपाशी टोपली उतरवायची. तिला पाटी वाचता येत नव्हती, ती मी वाचून दाखवली. तिने कमरेचा मोबाइल काढला आणि तिथूनच लावला. "मास्तर, मी दारात उभी हाय. बोंबील आनलेत. येऊ काय?"

आतून आवाज आला, "किती वाजता येणार?"

"आता काय सांगू? आलेय ना!"

"मग पाच मिनिटांनी ये."

जनाबाई पाच मिनिटं थांबली, पण परत कधी आली नाही. हळूहळू कोणीच येईनासं झालं. फोन करून भेटायला जाणं आमच्या गावाला जमत नाही. फोन करण्याएवढं काम असेल तर ते फोनवरच उरकतं, आणि काम नसेल तर फोन कशाला करायचा? मीही जाणं सोडलं. इतक्या शिकलेल्या माणसाने असं विचित्र वागावं, याची आम्ही यथेच्छ टिंगल केली. मला हसायची खोड आहे, आणि हसताना मी सहसा विचार करत नाही.

सर मुळात असे नव्हते. माणूस कडक, पण जीव लावणारा. दर वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ते कोणासाठी तरी काही सोडायचे. बायको आजारी होती त्या वर्षी चहा सोडला होता. माझ्या दहावीच्या वर्षी माझ्यासाठी चाळीस दिवस मासे सोडले. आमचं घर हिंदू, आई याला नवस म्हणायची आणि हात जोडायची.

गेल्या रविवारी दुपारी स्नेहलचा मला फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता एकदम रडायला लागली.

"ताई, परवा माझा वाढदिवस झाला. इथे ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक न्यायचा असतो. मी कॉलेजात नेला. सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, थँक्यू म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. इथे कोणी कोणाकडे न विचारता जात नाही. मला विचारतच नाही कोणी. पप्पांचा फोन सोडला तर शनिवार-रविवार मी तोंडसुद्धा उघडत नाही. संध्याकाळी थंड ब्रेड खाते आणि झोपते. पप्पांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतं मी मजेत आहे."

माझं डोकंच फिरलं. पोरगी तिकडे कुढतेय आणि हा माणूस तिच्या दुःखाच्या नोंदी करून गावाला शिस्त लावतोय! नुकतंच कोलंबीचं कालवण झालं होतं. ते भांडं उचललं, बाग ओलांडली आणि फोन न करता मागच्या दाराने आत घुसले.

सर टेबलाशी बसले होते. चूल थंड. पुढ्यात ताटलीत पावाचे दोन तुकडे आणि चीज. शेजारी वही, आणि एक छोटा केक, फक्त एक तुकडा कापलेला.

"सर, ती रडतेय तिकडे!" मी ओरडले. सांगू नको म्हटलेलं सगळं सांगून टाकलं.

सरांनी ऐकून घेतलं. "माहीत आहे," म्हणाले. "पहिल्याच रविवारी कळलं. कचऱ्याच्या डब्यांबद्दल इतका वेळ कोण बोलतं गं? फोन ठेवायचा नव्हता तिला."

"मग बोलवा ना परत!"

"म्हटलं होतं. म्हणाली, मी मजेत आहे, पप्पा. जगाचं वेड मीच लावलं तिला. आता ती माझ्यासाठी हसून बोलते. मी ते कुठल्या तोंडाने मोडू?"

"आणि ही पाटी? तो बँड?"

सरांनी वही मिटून बाजूला सरकवली. "ती तिथे गप्प बसते. इथे माझ्या घरी माणसं येणार, गप्पा होणार, गरम जेवण होणार. घशाखाली उतरत नाही, बाय."

मला चहा आठवला, मासे आठवले. या वेळी त्यांनी माणसं सोडली होती, आणि चाळीस दिवसांसाठी नव्हे, दोन वर्षांसाठी. मी खाली बसले. ज्या पाटीला आम्ही हसलो, ती आठवून मला माझीच लाज वाटली.

"पण सर, यातलं तिला काही पोचत नाही."

"नाही पोचत," सर म्हणाले. "तेही माहीत आहे."

मी भांड्यावरचं झाकण काढलं. वाफ वर आली. सरांनी एकदा कालवणाकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. तिकडे किती वाजले असतील ते त्यांना बोटांवर न मोजता कळतं.

"आज तिच्याकडे कोणी आलं असेल का?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. पण पाचवीपासून आपली खोटी उत्तरं तपासलेल्या माणसापुढे ते जमत नाही.

"नसेलच आलं," म्हणत सरांनी झाकण हळूच परत भांड्यावर ठेवलं आणि भांडं माझ्याकडे सरकवलं. "मग तूही जा, बाय. तिच्याकडे कोणी आलं की मी तुला फोन करीन."