नोंद नसलेली धाव

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. (एकच मिटा, पुढचं वाचायचं आहे.) आपण दमलो आहोत की नाही, हे माणसाला स्वतःहून कधीच नीट कळत नाही. म्हणून विज्ञानाने हे नाजूक काम त्याच्या मनगटावर सोपवलं.

बडोद्याला कारेलीबागेत राहणाऱ्या अनीशच्या मनगटावर असं एक घड्याळ होतं. ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून अनीश कुठे आहे ते अनीशला सांगत असे. सकाळी तो ताजातवाना उठे, घड्याळात 'झोप अपुरी' असं वाचे आणि लगेच जांभई देई.

"चहा प्यायलास की नाही, तेही त्यालाच विचार," त्याची बायको निरुपमा म्हणे. अनीश खरंच बघे. (ती सोय पुढच्या मॉडेलमध्ये येणार होती.)

सोसायटीत प्रभात धावक मंडळ होतं. त्याचे नव्वद टक्के सदस्य घड्याळ लावून धावत. उरलेल्या दहा टक्क्यांची घड्याळं चार्जिंगला असत, म्हणून ते धावत नसत. मंडळाचा नियम एकच आणि अत्यंत न्याय्य होता: घड्याळात नाही ते धावणं नाही.

वार्षिक दौडीत झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे धावायचा मान सर्वांत वेगवान मुलाला मिळे. अनीशच्या मुलीला, अवंतीला, तो वर्षभर हवा होता. निवडीच्या रविवारी अनीशने मन घट्ट करून आपलं घड्याळ तिच्या हातावर बांधलं. सोसायटीच्या फाटकापासून जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीपर्यंत जायचं आणि परत यायचं.

अवंती पहिली आली. शेजारचा मयंक आला तेव्हा तिचं लिंबूपाणी पिऊन झालं होतं. त्याच्या शर्टावर रस्सा सांडलेला होता.

मंडळाचे अध्यक्ष जयवंतराव यांनी दोन्ही घड्याळं तपासली. अवंतीने सुरू करायचं बटण दाबलंच नव्हतं. याउलट मयंकच्या घड्याळात मंडळाच्या इतिहासातला विक्रम होता. त्या गल्लीत घरं इतकी दाटीवाटीने उभी आहेत की उपग्रहांचा गोंधळ उडतो. त्यांच्या मते मयंक तिथे या छपरावरून त्या छपरावर प्रचंड वेगाने ये-जा करत होता.

"काका, मी तर उभा होतो," मयंक म्हणाला. "सेव-उसळ खात होतो."

"तुला वाटतं रे, बेटा, उभा होतास," जयवंतराव मायेने म्हणाले. "आणि अवंतीबेन, तुम्ही आज विश्रांती घेतलीत. छान केलंत."

"पण मी पहिली आले ना, काका?"

"आलीस. पण धावून नाही."

मंडळाच्या समितीने यावर सखोल विचार केला. सातही जणांनी तिला येताना पाहिलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. तथापि डोळे उपग्रहांना जोडलेले नसल्यामुळे ती साक्ष बाद ठरली. (टाळ्यांची मात्र नोंद होती. टाळ्या वाजवताना तिघांच्या घड्याळांत व्यायाम जमा झाला होता.)

अवंती वडिलांकडे वळली. "पप्पा, तुम्ही पाहिलंत ना मला?"

अनीशने पाहिलं होतं. ती वळणावर दिसल्यापासून ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. त्याने जयवंतरावांकडे पाहिलं, मग तिच्या हातावरच्या घड्याळाकडे.

"पाहिलं गं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण नोंद नाही ना, बेटा."

झेंडा मयंकला मिळाला. तो बिचारा दोन्ही हातांनी धरून रडवेला उभा राहिला.

अवंती रडली नाही. तिने पट्टा सोडला, घड्याळ पप्पांच्या मनगटावर नीट बांधलं आणि आठवणीने सुरू करायचं बटण दाबलं. "आता तुमची नोंद होईल," ती म्हणाली आणि रिकाम्या हाताने फाटकाबाहेर, समा भागाकडे जाणाऱ्या रस्त्याने पळत सुटली.

किती लांब गेली?

विचारलंत ना? मग मंडळात तुमच्यासाठी एक जागा रिकामी आहे.