तीनशे मापांची शांताक्का

साठाव्या वर्षी मी एका बाईला कॉम्प्युटरमधून पुसून टाकलं आणि वर चहा मागितला. तेव्हा मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट फ्रेम करून सोफ्याच्या वर टांगलं होतं. पाहुण्यांची नजर तिकडं गेली नाही, तर मी उठून त्याच्यावरची नसलेली धूळ पुसायची. त्या शहाणीचा आज कान धरावासा वाटतो.

हा पराक्रम केला तो आमच्या गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या शांताक्काच्या घरात. अक्का माणसाला नावानं ओळखत नाही, मापानं ओळखते. "छत्तीस गावाला गेली व्हय ग?" म्हणजे समोरच्या मास्तरीणबाई. मी तिची ‘अडतीस, उजवा खांदा पडका’. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला तो खांदा दिसला नाही. अक्कानं मी नव्या घराचं कुलूप काढत होते तेव्हाच ओळखला.

पण तिच्या हातचा ब्लाऊज घातला की बाई दोन बोटं उंच दिसते. शिरोळपासून नेसरीपर्यंतच्या नवऱ्या तिच्या दारात येतात. माझी लेक, सून, नात, सगळ्या तिच्याच गिऱ्हाईक. आमच्या घरात दुसऱ्याची शिलाई चालत नाही.

कागदावर वाकून आखणी करता करता तिची कंबर गेली, म्हणून तिनं शाहूपुरीतल्या दुकानातून एक सॉफ्टवेअर आणलं. माप भरलं की आखणी छापून येते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : ‘एकदाच घ्या, कायम वापरा’. ते ठसक्यात वाचून "डोळे झाकून घे" म्हणणारी मीच.

पाच वर्षं बरी गेली. तीनशे गिऱ्हाइकं झाली आणि पुढच्या बाईला कॉम्प्युटर अडला : ग्राहकमर्यादा पूर्ण. जुनी नोंद काढा किंवा मोठी योजना घ्या.

अक्कानं कंपनीला फोन लावला. "पावणं, मी कपाट इकत घेतलंय. आता तिसरा खण उघडायला तुमास्नी इचारू व्हय?"

"मॅडम, ते अटींमध्ये आहे."

"अटी कुठं हायत?"

"वेबसाइटवर."

"मग कपाट बी तितंच ठिवायचं की!"

मोठी योजना तिनं घेतली नाही. "मागनं सांगितल्यालं पैसं मी देणार न्हाय." जुनी नोंदही काढली नाही. "बाई काढायची? का? तिनं काय केलंय?" नव्या गिऱ्हाइकांसाठी ती पुन्हा कागदावर वाकायला लागली.

एके दुपारी ती अस्तर आणायला बाहेर पडली. कंबरेवर हात ठेवून जिना उतरताना दिसली आणि मला राहवेना. बसले कॉम्प्युटरपुढं. दुसऱ्या दिवशी एका नवरीचा ब्लाऊज द्यायचा होता, तिला जागा हवी होती. यादी चाळली. नाव एकाही बाईला नाही. ‘चौतीस, ताठ मान’. ‘चाळीस, घाम फार’. मग सापडली ‘बत्तीस, घाईची’. दर गौरीला माप बदललेलं, पण पाच वर्षांत शिवलेला ब्लाऊज एकही नाही. म्हटलं, काय ठग बाई आहे! दर वर्षी माप देऊन जाते आणि कापड देत नाही. टाकली पुसून. नवरी भरली, आखणी छापली.

अक्का आली. मी म्हटलं, "झालं तुझं काम. चहा टाक."

आखणी बघून ती हसली. मग थांबली. "कुणाला काढलंस?"

"ती बत्तीस. नुसतीच माप देऊन जाणारी."

अक्का पिशवी मांडीवर घेऊनच खुर्चीत बसली. "माप देऊन जात न्हाय ग ती. मीच भरतो. माझी सुमी हाय ती."

सुमी म्हणजे तिची लेक. स्वतःच्या मनानं लग्न करून बेळगावला गेलेली. आम्ही गल्लीत आलो त्याच्या आधीची, शेजारणींकडून ऐकलेली गोष्ट, आणि अक्कानं ते नाव कधी काढलं नव्हतं.

"आता अंगानं भरली असंल, म्हणून दर वर्साला अंदाजानं वाढवत गेलो. समद्यांची मापं डोस्क्यात ऱ्हातात माझ्या. तिचं तेवढं ठिवायला जड जायचं, म्हणून त्या डबड्यात घातलं आन सोडून दिलं."

मी कंपनीला फोन लावला. पुसलेली नोंद परत मिळते म्हणाले, पण ती सोय मोठ्या योजनेत. "द्या, मी घेते," म्हणेपर्यंत अक्कानं माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

"अक्का, चुकले ग मी."

तिनं पिशवीतून अस्तर काढलं, मोजलं, नवरीच्या आखणीवर ठेवून कात्री चालवली. एक रेघही वाकडी गेली नाही. बाही कापून झाल्यावर, वर न बघताच ती म्हणाली,

"नंबर हाय माझ्याकडं तिचा. तू लाव, घोळ तूच घातलायस. म्हणावं, दंडाचं माप पायजे. बाकी काय बोलू नको. आन फोन स्पीकरवर ठिव."