मगनसरांचं उसनं नाक

गुरुवारी मधल्या सुट्टीआधी मगनसर गेले. तेव्हापासून माझ्या नाकाखाली कोणी परीक्षानळी धरलेली नाही.

हायस्कुलात मी मराठी शिकवायचो, ते रसायनशास्त्र. राहायला आम्ही शेजारी. मधे एकच भिंत. सरांना वास येत नसे. ॲसिडांच्या वाफा घेऊन घेऊन नाक कामातून गेलं होतं. मिरच्यांच्या दिवसांत अख्खं नंदुरबार शिंकत असे आणि हा एकटा माणूस बाजारातून शांतपणे चालत जाई. रसायनाच्या मास्तराला नाक नसून कसं चालेल? म्हणून ते माझं वापरत.

"भो, वास लई दख. बदाम का मासळी?"

"मासळी."

"मरो!" की नळी मोरीत रिकामी.

ॲनिलिन नावाचं एक तेल असतं, त्याला नासक्या मासळीची घाण येते. पुस्तकात ते नायट्रोबेंझिनपासून करतात. सर उलटे निघाले होते. ॲनिलिनपासून त्यांना नायट्रोबेंझिन हवं होतं, ज्याला कडू बदामाचा वास येतो. परमँगनेट झालं, पेरॉक्साइड झालं. हाती दर वेळी डांबरासारखा काळा चिखल. तो खरवडता खरवडता शिपाई सुपडूनाना म्हणे, "सर, आज बी काजळच का? घरमा कोनले आंजानं शे?"

सर पुढची नळी धुवायला घेत. घरात कोणी नव्हतं.

"बेंझिन आणि नायट्रिक आणा, सहज होतं, असं वर्गात तुम्हीच सांगता ना?" मी एकदा वैतागून म्हणालो.

"ते कोन बी करस. माले परत जानं शे."

शेवटी चूक सापडली. ते ॲनिलिनमध्ये पेरॉक्साइडचं मिश्रण थेंब थेंब घालत. अर्धवट बदललेलं ॲनिलिन उरलेल्या ॲनिलिनलाच चिकटून बसे, आणि काजळ तयार. एका रविवारी दुपारी त्यांनी क्रम फिरवला. आधी मिश्रण, मग त्यात ॲनिलिनचे थेंब. सगळं पाण्यात ओतलं तेव्हा तळाशी पिवळट तेल बसलं.

मी वास घेतला. "बदाम."

सर खाली बसले. "बजारना बदाम, का तिन्हा साबणना?"

सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, सारंगखेड्याच्या जत्रेतून एक स्वस्त गुलाबी साबण आणत. चहा घेऊन आल्या की माझ्या खोलीत बदाम दरवळे. तेवढीच त्यांची चैन. सरांनीच तो बंद करवला होता: हा बदाम नाही, नायट्रोबेंझिन आहे, कातडीतून अंगात जातं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. वहिनींनी ऐकलं. पुढच्या पावसाळ्यात त्या तापाने गेल्या.

"वहिनींच्या साबणाचा," मी म्हणालो.

त्यांनी नळी स्वतःच्या नाकाखाली धरली. बराच वेळ धरली. मग माझ्याकडे दिली.

"माले काहीच नही येत. आखो एकदाव सांग."

मी पुन्हा वास घेतला, पुन्हा सांगितलं. त्यानंतर दर रविवारी ते बाटली घेऊन भिंतीपलीकडून येत, मी बूच काढून वास घेई आणि तेच सांगे. नवं काही विचारत नसत. ऐकून चहा पीत.

बाटली आता माझ्या कपाटात आहे. तेल अर्धं उरलंय. माझं नाक शाबूत आहे.