केस शाबूत असलेला टायर

सन १९७४ च्या दसऱ्याआधी भैरू टेमगिरे याच्या फटफटीचा मागचा टायर गोटा झाला, ही बाब त्याचे सासरे बबनराव यांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. फटफटी लग्नात बबनरावांनीच दिलेली असल्यामुळे तिच्या प्रकृतीबद्दलचे सर्व अधिकार त्यांनी स्वतःकडे राखून ठेवले होते. भैरूला ती फक्त चालवण्याची मुभा होती. बबनराव दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या घराची कौलं शाकारेपर्यंत म्हणून लेकीकडे आले होते, आणि कौलांचं काम अद्याप विचाराधीन होतं.

भैरू पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होता, पण अजून कायम झाला नव्हता. त्याची वस्ती चाकणच्या पलीकडे. तिथून चाकणपर्यंत चार मैल नुसती खडी, आणि पुढे मोशी-भोसरीवरून पिंपरीपर्यंत डांबर. खडी टायर कापायची, डांबर झिजवायचं, आणि दोघांनी मिळून भैरूला दोनदा उशीर घडवला होता. प्रोबेशनमध्ये तीन लेट मार्क पडले की घरी, हा कंपनीचा नियम. दोन पडले होते आणि प्रोबेशनचे दोन महिने उरले होते. सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना भैरू देवाच्या आधी मागच्या चाकाला हात जोडायचा.

"मामा, नवीन टायर घ्यायलाच लागंल," तो सासऱ्यांना म्हणाला. "खडीवर आन डांबरावर दोन्हीकडं टिकंल असा."

'टिकेल' हा शब्द कानावर पडताच बबनरावांची पाठ ताठ झाली. त्यांनी एका सरकारी भांडारात बावीस वर्षं भांडारपाल म्हणून काढली होती. त्या बावीस वर्षांत त्यांच्या ताब्यातली एकही वस्तू झिजली, फुटली किंवा फाटली नव्हती, कारण त्यांच्या ताब्यातली एकही वस्तू बाहेरच गेली नव्हती. निरोपसमारंभात साहेबांनी त्याबद्दल त्यांना एक छत्री दिली होती. ती छत्री आजही कोरी करकरीत होती आणि बबनराव पावसात पोतं पांघरून जात.

"टिकाऊपणा हा माझा विषय आहे," ते म्हणाले. "तीन दरपत्रकं मागवावी लागतील."

चाकणच्या चौकात टायरचं दुकान एकच, शफीभाईचं. शफीभाई उमदा माणूस. त्याने एक दरपत्रक स्वतःच्या नावाने दिलं, दुसरं धाकट्या भावाच्या, फारूकच्या नावाने, आणि तिसरं आईच्या, रहमतबींच्या नावाने. रहमतबींचा भाव सगळ्यांत चढा निघाला, कारण अंगठा उठवायला त्यांना दुपारच्या झोपेतून उठवलं होतं. स्पर्धा अशी निकोप झाल्यावर बबनराव पाहणीसाठी जातीने दुकानात गेले. भैरूने कामावर सुट्टी टाकली आणि हात बांधून मागे उभा राहिला.

"हा घ्या भैरूभाऊ," शफीभाई एक टायर थोपटत म्हणाला. "मधली नक्षी बारीक, ती डांबरावर कमी झिजते. कडेची नक्षी खोल, ती खडीला धरते. हवा बेताची ठेवा, दोन वर्षं बघायचं काम नाही."

"पुरावा?" बबनराव म्हणाले.

शफीभाईने कोपऱ्यातून याच जातीचे दोन वापरलेले टायर काढले. एक भोसरीकडच्या दूधवाल्याचा, निव्वळ डांबरावर चाललेला. दुसरा खाणीवरच्या मुकादमाचा, निव्वळ खडीवर चाललेला. बबनरावांनी दोन्ही टायरांवरून बोट फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीत लिहिलं: डांबरी टायर, झिजला, खडीचा टायर, कापला गेला. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे खिळ्याला एक टायर लटकत होता, तुकतुकीत काळा, अंगावर साच्यातून निघतानाचे रबराचे बारीक केस जसेच्या तसे.

"तो किती जुना?"

"तो होय? दुकान टाकलं तेव्हापासून टांगलाय. आठ वर्षं झाली."

"आठ वर्षं, आणि एक केस वाकडा नाही!" बबनरावांचा आवाज गहिवरला. "कोणत्या रस्त्यावर चालला?"

"खिळ्यावर," शफीभाई म्हणाला. "अहो बबनराव, तो दाखवायला आहे. रबर वाळलंय त्याचं. रस्त्यावर घातला तर संध्याकाळपर्यंत चिरफळ्या होतील."

"म्हणजे दोष रस्त्यात आहे, टायरमध्ये नाही," बबनरावांनी निष्कर्ष नोंदवला.

तो टायर विकायला शफीभाईने साफ नकार दिला. गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणार नाही म्हणाला. अखेर त्याच जातीचा नवा टायर घेण्यात आला. भैरूने पाना काढून तिथेच चाक खोलायला घेतलं, तेव्हा बबनरावांनी त्याच्या हातातून टायर काढून घेतला.

"आधी साठ्यात जमा होऊ दे."

टायर घरी आला, त्याला गोणपाटाची गवसणी शिवली गेली, आत डांबरगोळ्या टाकल्या गेल्या, सुतळीच्या गाठीवर लाखेची मोहोर बसली आणि टायर खाटेवर निजला. भैरू खाली सतरंजीवर निजू लागला. दसऱ्याचं सोनं टायरला आधी वाहिलं गेलं. वस्तीवरच्या बायका बघायला येत आणि कुसुम, म्हणजे भैरूची बायको, त्यांना गवसणीची कड किंचित उचलून दाखवी. नवा टायर लागला की पहिल्याच रविवारी फटफटीवरून आळंदीला न्यायचं, असं भैरूने तिला कबूल केलं होतं. तिची एक लुगड्या-पोलक्याची जोडी त्यासाठी घडी घालून तयार होती.

"मामा, जुन्याचं कापड दिसाया लागलंय," भैरू आठवड्याआड म्हणे.

"कापड दिसतं आहे, म्हणजे अजून कापड आहे," बबनराव म्हणत. "संपलेली वस्तूच बाद होते. संपत आलेली नाही."

शेवटी कुसुमने तोंड उघडलं. "आबा, वाटेत चाक फुटलं तर घरातला टायर काय कामाचा? निदान यांच्यासोबत तरी असू द्या."

बबनरावांनी दोन दिवस विचार करून तोडगा काढला. राखीव साहित्य वाहनासोबत नेता येईल. मात्र मोहोर भांडारपालाच्या समक्षच फोडावी लागेल. तेव्हापासून भैरू गुळगुळीत टायरवर बसून, नवाकोरा टायर हारासारखा गळ्यात घालून कामाला जाऊ लागला. मोशीतली पोरं त्याला बघून टाळ्या वाजवत.

प्रोबेशनचे चार दिवस उरले असताना मोशीच्या अलीकडे व्हायचं ते झालं. मागचं चाक फटकन फुटलं. भैरू फटफटीसकट रस्त्याकडेच्या बाभळीपाशी जाऊन थांबला. लागलं काहीच नाही, गळ्यात टायर होता ना. शिफ्टला तासभर अवकाश होता, पाना खिशात होता, ट्यूबचं ठिगळही होतं. अर्ध्या तासात काम उरकून वेळेवर पोचता आलं असतं. सासरे पाच कोस मागे होते. भैरूने इकडेतिकडे पाहिलं आणि दाताने सुतळी तोडली.

टायर बाहेर आला. सकाळच्या उन्हात तो असा काही चमकला की जाणारे सायकलवाले थांबले.

"आयला, काय टायर हाय राव!" एकजण म्हणाला. "केस तर बघा, केस!"

"आन ह्यो रस्त्यावर घालनार व्हय?" दुसऱ्याने सायकल स्टँडवर लावली. "ह्या असल्या रस्त्यावर?"

भैरूने रस्त्याकडे पाहिलं. रोजचाच रस्ता, पण आज पहिल्यांदाच तो त्याला टायरच्या बाजूने दिसला. डांबरातून वर आलेले दगड, कडेची फुटलेली काच, कुणाच्या तरी बैलाचा पडलेला नाल. दोन महिने ज्याच्याखाली जमिनीवर झोपलो, ज्याला सोनं वाहिलं, तो या धुळीत घालायचा? त्याच्या हातातला पाना खाली आला. "आज नको," तो स्वतःशीच म्हणाला, आणि टायर पुन्हा गवसणीत घालून फटफटी ढकलत निघाला. सायकलवाल्यांनी समाधानाने माना हलवल्या.

तो दीड तास उशिरा पोचला. तिसरा लेट मार्क पडला आणि त्याला मॅनेजर मारुतराव साहेबांपुढे उभं करण्यात आलं.

"गळ्यात काय आहे?"

"टायर, साहेब."

"कधी घेतलास?"

"दोन महिने झाले," भैरू म्हणाला आणि वाटेत घडलेलं सगळं त्याने सांगून टाकलं.

साहेबांनी गवसणी बाजूला केली, बोट फिरवलं, केस पाहिले. "वाटेत चाक फुटलं, हा तुझ्या गळ्यात होता, हातात पाना होता, आणि तरी तू हा वापरला नाहीस?"

"न्हाई साहेब, चुकलं," भैरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे कुसुम आली, तिची घडी घातलेली जोडी आली, आणि त्याला रडूच फुटलं.

मारुतराव खुर्चीतून उठले. आधीच्या स्टोअरकीपरला त्यांनी गेल्याच आठवड्यात काढलं होतं. तो मागेल त्याला सामान देत असे, त्यामुळे सामान संपत असे. "असा माणूस," ते भैरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मी दोन वर्षं शोधतोय."

भैरू त्याच दिवशी स्टोअरकीपर म्हणून कायम झाला. स्टोअरच्या मागेच त्याला खोली मिळाली, तेव्हा फटफटीची गरजच उरली नाही. त्याच्या कारकिर्दीत स्टोअर काठोकाठ भरलं. हातमोजे मागायला कामगार आला की भैरू आधी हात बघे. हात कापला नसेल तर मोज्यांची गरज नाही, कापला असेल तर आता उपयोग नाही. बबनराव जावई बघून धन्य झाले आणि त्यांनी त्याला ती कोरी छत्री बक्षीस दिली. तो पावसात पोतं पांघरू लागला.

"अहो, आळंदीला कधी जायचं?" कुसुमने एकदा विचारलं.

"त्या टायरवर?" भैरू दचकून म्हणाला. कुसुम एसटीने गेली. जाताना नेहमीचंच लुगडं नेसली होती, कारण घडीची जोडी आता तिलाही मोडवेना.

टायर अजून आहे, केस शाबूत आहेत. तुम्हाला हसू आलं असेल तर खुशाल हसून घ्या. हसून झालं की तुमच्या काचेच्या कपाटाकडे बघा. लग्नात आलेले सोनेरी काठाचे सहा कप तिथे आहेत. काल सख्खी बहीण आली तेव्हाही ते निघाले नाहीत, तिने टवका उडालेल्या कपातून चहा घेतला. जपून खाली काढा, मऊ फडक्याने पुसा, आणि परत जागेवर ठेवा. छान टिकलेत.