आकडा की मजकूर?

आमच्या दळवी सरांना तुम्ही "पाच" म्हणालात, तर ते आधी विचारतात, "आकडा की मजकूर?" पाच कप चहा सांगायचा असला तरी.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपच्या माळ्यावर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. रिटायर होऊन पुन्हा कामाला लागलेले सर तिथे माझ्या शेजारी बसतात आणि माझ्या डोक्यात जातात. मी जावास्क्रिप्टची एक ओळ लिहिली की लगेच, "टाइप तपासलास? आकडा आहे की मजकूर?" अरे, काय वैताग आहे! त्यांच्या तपासणीपायी एक काम वेळेत जात नाही आणि बोलणी मी खातो.

वर त्या भाषेवरच यांचा राग. "पाच मजकूर म्हणून आला आणि त्यात एक मिळवला, तर ही बया पाचापुढे एक चिकटवून एक्कावन्न देते. तेही गुपचूप. शुद्ध फसवणूक आहे. आणि 'काहीच नाही'चा टाइप विचार, म्हणते वस्तू आहे. काहीच नाही ही वस्तू कशी रे?" हे मला विचारतात, जणू भाषा मी बनवली.

मध्यंतरी खांदेश्वरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचं काम आलं. सरही त्याच मंडळात, तेही एकटेच राहतात. एकट्या राहणाऱ्या सभासदाने सकाळी साइटवर बटण दाबायचं. नाही दाबलं, तर नातेवाइकाला फोन जाणार. साइट सुरू झाली आणि सरांचाच फोन सकाळभर वाजायला लागला. ऐन मीटिंगमधून उठून हे बाहेर. "आजी, बटण राहिलं का? गुडघा दुखतोय? बरं, शेकून घ्या."

शेवटी मी भडकलो. "सर, मीटिंगमध्ये काय चाललंय हे?"

"काही जणांचं कोणीच नाही रे. नातेवाइकाच्या नंबराच्या रकान्यात काहीच आलं नाही की प्रोग्राम अडतो. तिथे मी माझा नंबर टाकलाय."

"आणि तुमच्या नावापुढे?"

"माझाच."

"म्हणजे तुम्ही घरात पडलात, तर फोन तुम्हालाच येणार?"

सर चष्मा पुसत बसले. मला असा संताप आला त्या माणसाचा! "रोज शेजारी बसतो मी तुमच्या. माझा नंबर टाकायला काय झालं होतं?"

"तुला विचारलं नव्हतं."

"मग विचारा ना."

त्यांनी विचारलं. मान खाली घालून, अगदी हळू.