ट्रॉम्सोचा चंद्रोदय

रात्रीचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि ट्रॉम्सोच्या हॉटेलात नानासाहेब खिडकीशी खुर्ची ओढून चंद्राची वाट बघत बसले होते.

नानासाहेब चिंचवड गावातले जुने रहिवासी, पिंपरीच्या एका पंपांच्या कंपनीत फोरमन. त्यांनी संकष्टी कधी चुकवली नव्हती, आणि हे ठाऊक नाही असा माणूस कंपनीत शोधून सापडला नसता. त्या दिवशी कँटीनमध्ये कुणी मिसळ मागवली की ते असे बघत, की पाव त्याच्या घशातच अडकायचा. नॉर्वेच्या उत्तर टोकाला मासळीच्या कारखान्यात पंप बसवायला कंपनीनं त्यांना धाडलं, सोबत फिटर भीमराज. तिकडे उत्तरेला जाणारा जो तो आधी ट्रॉम्सोत उतरतो, लोकरीचे कपडे घेतो आणि बोटीची वाट बघतो. यांची बोट यायची होती, त्याआधी संकष्टी आली.

निघताना गल्लीनं हार घातले, तेव्हा नानासाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "चंद्र बघितल्याबिगर घास घेणार न्हाई. तिकडं काय चंद्र न्हाई व्हय?"

साबुदाण्याचा चिवडा विमानातच संपला होता. भीमराजला उपासाशी देणंघेणं नव्हतं, पण फोरमन उपाशी असताना जेवायचं कसं, म्हणून तोही पोट आवळून बसला होता. शेवटी तो खाली जाऊन मालकिणीला विचारून आला.

"साहेब, बाई म्हणती, सूर्य मावळायलाच अजून महिना हाय. उन्हाळ्यात इथं चंद्राकडं कुणी बघत न्हाई. चिंचवडचं घड्याळ धरा आन् जेवा."

शरीर जिथं, चंद्रही तिथलाच धरायचा, असं नानासाहेबांनी खोल गेलेल्या आवाजात सुनावलं. तेवढ्यात तळलेल्या माशांचा वास जिना चढून वर आला. तत्त्व थोडा वेळ टिकलं. मग नानासाहेब खाली उतरले, मासे पोटभर खाल्ले, पुन्हा मागून घेतले आणि हात धुतल्यावर एकदम घाबरले.

"भीमराज, हे गावात कळलं तर देवळापुढनं जाता यायचं न्हाई मला. शब्द दे."

भीमराज शब्दाचा पक्का निघाला. परतल्यावर गल्लीनं विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की चंद्र काही दिसला नाही, साहेब मात्र खिडकी सोडत नव्हते. बाकीचं गल्लीनं पुरं केलं. बघता बघता उपास आठ दिवसांचा झाला. मंडळानं शाल-नारळ दिला. कॅलेंडरात वेळ बघून जेवणं आपल्यासारख्यांना ठीक आहे, नानासाहेबांना चंद्र प्रत्यक्षच लागतो, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. नानासाहेबांनी नम्रपणे मान लववली.

पुढची संकष्टी भर पावसाळ्यात आली. आभाळ गच्च भरलेलं. कॅलेंडरातल्या वेळेला गल्ली मोदक खाऊन मोकळी झाली आणि नानासाहेबांचा चंद्रोदय बघायला त्यांच्या गच्चीवर जमली. नानासाहेब छत्री धरून उभे होते. बायको जवळ आली तसं त्यांनी हळूच विचारलं, "इंद्रायणी, एखादा मोदक?"

इंद्रायणीबाईंनी सगळ्यांसमोर भक्तिभावानं हात जोडले.

"अवो, तुमी तिकडं आठ दिस काढलं. हितं एक रात निघायची न्हाई व्हय?"

आणि त्या जेवून आलेल्या बायकांना विडे वाटायला वळल्या.