पप्पांनी पाठवलंय

आमच्या अंगणवाडीत जेवणाच्या वेळी दीड वर्षाच्या गिऱ्हाईकांची ऑर्डर घेतली जाते. ऑर्डर घेणारा गृहस्थ पासष्टीचा आहे. पांढरा सदरा, खांद्यावर घडी घातलेला नॅपकिन, डावा हात पाठीमागे. समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेली, आणि मांडी अजून जमत नसल्यामुळे कलंडलेली मुलं. हा माणूस कमरेत वाकतो आणि अदबीनं विचारतो, "गुड आफ्टरनून म्याडम. आज गरम खिचडी हाय, मटकीची उसळ हाय, नायतर साधा वरनभात. काय घेनार?"

म्याडम लाळ गाळतात.

"येस म्याडम. खिचडी, तिखट कमी." आणि मग मागं वळून, मोठ्यानं, "सुमन, टेबल तीन, एक खिचडी!"

टेबल नावाची वस्तू आमच्याकडे एकच आहे आणि तिच्यावर वजनकाटा ठेवलेला असतो. पण आमची मदतनीस सुमन आता टेबल एक ते टेबल आठ बिनचूक ओळखते. "मेलं ते टेबल!" असं म्हणत ती वाटी भरून देते.

हे आमचे दामूनाना. लोधिवलीहून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावातल्या बऱ्याच बाया कंपनीत पॅकिंगला जातात, वरच्या ठाकूरवाडीतल्या फार्महाऊसवर झाडलोटीला जातात, म्हणून अंगणवाडीच्या मागच्या खोलीत तीन वर्षांखालच्या पोरांसाठी पाळणाघर सुरू झालं. कागदावर तिथं मी सेविका आहे आणि सुमन मदतनीस. नाना कागदावर कुठंच नाहीत. ते एक दिवस नातीला, स्वराला, सोडायला म्हणून आले, खिचडी वाढताना सुमनचा हात बघून अस्वस्थ झाले, आणि ते काही परत गेले नाहीत.

नानांचा उभा जन्म माथेरानच्या एका हॉटेलात वाढपात गेला. वेटर म्हटलेलं त्यांना खपत नाही, शेवटी शेवटी ते कॅप्टन, म्हणजे सगळ्या वेटरांच्या वरचे, होते. हॉटेल सुटलं तरी कॅप्टन काही सुटला नाही. रिकाम्या हातानं ते खोली ओलांडत नाहीत. जाताना भरलेली वाटी, येताना रिकामी, आणि वाटी नसेल तर एखादं शेंबडं पोर. कुणी घास थुंकला तर ते पोराकडे न बघता सुमनकडे बघतात. "डिश परत आली. मीठ बघ गं जरा." एकदा ठाकूरवाडीतल्या गणूनं, वय वर्षं दीड, त्यांचं बोट कडकडून चावलं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण कंबर वाकलेलीच. "सर को पसंद आया," एवढंच म्हणाले.

कोंबून भरवू नका, पोराचं बघून घास द्या, बोलत बोलत भरवा, असं मी माता बैठकीत बोंबलून सांगते. बाया माना डोलावतात आणि घरी जाऊन नाक दाबून भरवतात. नानांनी मात्र ते एकदाच ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या लायनीतलंच हाय की बाई. गिऱ्हाईक नाराज होता कामा नाय."

हो, नाना माता बैठकीला येतात. सून कंपनीत, बायको वारलेली, म्हणून स्वराच्या वतीनं तेच. पहिल्या बैठकीत विषय होता अंगावर पाजण्याचा. बाया पदर तोंडात घालून हसायला लागल्या. मला वाटलं, नाना उठून जातील. ते उठले, पण सतरंजी घेऊन कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी बोलत राहिले. थोड्या वेळानं भिंतीकडून प्रश्न आला, "बाई, काढून ठेवल्यालं दूध फ्रीजबिगर किती वेळ चालतं? वाडीत कुनाकडं फ्रीज नाय, नि बाया सकाळीच कामाला जातात." सगळं हसू बंद. तो प्रश्न निम्म्या बायांच्या पोटात होता आणि एकीच्याही ओठावर आला नव्हता. तेव्हापासून नाजूक विषय निघाला की नाना आपणहून भिंतीकडे तोंड करतात, आणि बायाही त्यांना हळूच सांगतात, "नाना, हे जरा इचारा ना."

एवढा बडबड्या माणूस गेल्या दिवाळीनंतर एकदम गप्प झाला. ऑर्डर नाही, गुड आफ्टरनून नाही. मुलांपुढे वाटी ठेवायची आणि पुढं जायचं. सुमननंच न राहवून विचारलं, "नाना, टेबल तीन काय म्हनतंय?" नाना पुढची वाटी उचलायला वळले.

झालं होतं असं. नानांचा मुलगा संदीप, म्हणजे स्वराचा बाप, चाकणला कंपनीत आहे. तिथंच खोली करून राहतो, सणावाराला येतो. दिवाळीला तो लेकीसाठी फ्रॉक आणि तिच्याएवढीच बाहुली घेऊन आला. स्वरानं त्याला बघितलं आणि असा टाहो फोडला की शेजारची माणसं धावत आली. चार दिवस तो घरात होता, चार दिवस ती आईच्या गळ्यात तोंड खुपसून होती. बाहुली मात्र तिनं घेतली. संदीप हसून साजरं करत होता, पण जाताना त्यानं बॅग उचलली तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं म्हणे.

त्या आठवड्यातल्या बैठकीत विषय लसीचा होता. तोंड फिरवायचं काही कारण नव्हतं. तरी नाना भिंतीकडे तोंड करून बसले आणि शेवटी म्हणाले, "बाई, बाप लांब आसंल तर पोराला त्यो कसा कळंल?"

मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. त्याचं नाव घ्या, फोटो दाखवा, त्याची एखादी वस्तू रोज जवळ असू द्या. बाया गेल्या. नाना तसेच बसून होते. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"माथेरानात पावसाळ्यात हाटेल बंद. तेवढा मी घरी. दर साल यायचो नि संदीप आईच्या मागं लपायचा. आईला इचारायचा, ह्यो मानूस कवा जानार? गनपतीपतुर कुठं जवळ यायचा, खांद्यावर बसायचा. की लगेच दसरा, नि मी परत वर. पुढच्या साली पुन्यांदा पहिल्यापासनं." नॅपकिनची घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. "शेटलोकांची पोरं मिठी मारायची मला, बाई. अंकल अंकल करायची. त्यांना मी भरवायचो. माज्या पोराला मी घास दिल्याला मला याद नाय. माजं गेलं त्ये गेलं. संदीपचं जाता कामा नाय."

मला रडू आलं आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टन कामावर हजर. संदीपच्या जुन्या चौकड्यांच्या शर्टाचं लाळेरं त्यांनी स्वतः हातानं शिवून आणलं होतं; टाके असे की पोतं शिवल्यासारखे. चौक गावातल्या दुकानातून संदीपचा फोटो मोठा करून आणला आणि भिंतीवर, पोरांच्या नजरेच्या उंचीला, चिकटवला. मग वाटी पुढं करून, "म्याडम, ही खिचडी कुनी पाठवली? पप्पांनी पाठवलंय! चाकनवरनं, पेशल." बोट फोटोकडे. स्वरा फोटोकडे बघायची, आ करायची. काही दिवसांत ती स्वतःच बोट दाखवून "पप्पा" म्हणायला लागली. नाना नुसते फुलून गेले होते.

पण कॅप्टनचा आवाज हॉलभर जाणारा, आणि वाढप एकाच पंगतीला. एका संध्याकाळी गणूचा बाप भिवा त्याला न्यायला आला. गणू बापाच्या कडेवर बसला, समोरच्या फोटोकडे बोट केलं आणि आनंदानं ओरडला, "पप्पा!" भिवानं फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. ती बिचारी कपाळाला हात लावून म्हणाली, "मी वळखत बी नाय त्याला!" चौकशी केली तर पाळणाघरातली आठही पोरं संदीपला पप्पा म्हणत होती.

नानांनी भिवापुढे हात जोडले. "कॅप्टनची चूक. डिश चुकीच्या टेबलावर गेली."

मग ते दारोदार बापांचे फोटो गोळा करत फिरले. कुणी लग्नातला दिला, मुंडावळ्यांसकट. कुणी टेंपोला टेकून काढलेला, गॉगल लावून. भिंत भरली, आणि खिचडी आता ज्याच्या त्याच्या पप्पांकडून यायला लागली. भिवाकडे मात्र आधार कार्डाखेरीज फोटो नव्हता, आणि त्यातला चेहरा, भिवा म्हणाला, मीच मला वळखत नाय. "फोटो कशाला नाना, मीच येतो की." फार्महाऊसच्या बागकामातून तो दुपारी सायकल मारत यायचा आणि गणूला चार घास भरवून जायचा. नाना त्याला तयार करत होते. "हात मागं घे रं. वाक. सरांना इचार आधी." त्याचं बघून टेंपोवाला आला, मग आणखी एक. बाप्ये माणसं दुपारची माझ्या अंगणवाडीत ओळीनं वाकलेली बघून तालुक्याच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या मॅडम दारातच थबकल्या. मी म्हटलं, "या, बसा मॅडम. काय घेणार?"

शिमग्याला संदीप येणार म्हणून निरोप आला. नानांनी त्याला बजावलं होतं, घरी जायचं नाही, बॅगेसकट थेट अंगणवाडीत यायचं, जेवणाच्या वेळी. त्या दिवशी नाना दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सकाळपासून काही धड करेनात. खिचडीत मीठ दोनदा पडलं. ऑर्डर घेताना गणूला म्याडम म्हणाले.

संदीप दारात उभा राहिला. गणू किंचाळला, "पप्पा!" जुनी सवय. मग काय, दोन-तीन पोरं रांगत, दुडदुडत त्याच्या अंगावर गेली. एकानं पँट धरली. बावचळलेला संदीप खाली बसला, तसा गणू थेट मांडीवर. पण संदीपची नजर फक्त स्वरावर होती. आणि स्वरा जागची हलली नव्हती. नानांच्या हातातला चमचा तसाच. सुमननं माझा दंड धरला होता.

स्वरानं भिंतीकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा भिंतीकडे. आणि एकदम उठून, पडत, धडपडत गेली, गणूचे केस धरून त्याला बापाच्या मांडीवरून खाली ओढला आणि ओरडली, "माजा! माजा पप्पा!"

गणू भोकाड पसरून रडायला लागला. त्याला मी उचललं, नाहीतर मीच रडले असते. संदीपनं लेकीला असं घट्ट धरलं की ती हातपाय झाडायला लागली.

बऱ्याच वेळानं तो तिला खांद्यावर घेऊन नानांकडे आला. नाना उगाचच वाट्या पुसत होते, स्वच्छ असलेल्याच.

"नाना," संदीप म्हणाला, "मी बारका व्हतो, तवा तुमी माथेरानवरनं आलात की मी बी असाच यायचो का?"

नानांनी वाटी खाली ठेवली.

"यायचास की. ह्याच्याहून जोरात. आईला ढकलून यायचास."

संदीप हसला. "मला तर कायच आठवत नाय."

"कसं आठवंल?" नाना म्हणाले. "बारका व्हतास तू."